वाटण झाल्यावर मिक्सरचं भांडं दोन मिनिटांत कसं साफ करायचं?

प्रश्न असा आहे: वाटायला एक मिनिट लागतं आणि भांडं घासायला दहा. साबण घालून फिरवलं तरी पात्याखाली काहीतरी उरतंच, झाकणाला वास येत राहतो आणि अलीकडे भांड्याच्या तळातून काळपट पाणी यायला लागलंय. झटपट आणि नीट होईल अशी पद्धत आहे का?

आहे. पण तीन तक्रारींपैकी तिसरीचा उगम बहुतेक वेळा पहिल्या दोन तक्रारींवर केलेल्या उपायांत असतो. खरकटं निघत नाही म्हणून भांडं साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं जातं, आणि त्या बुडवण्याने तळाचं बेअरिंग, म्हणजे पात्यांचा दांडा ज्यात फिरतो तो भाग, खराब होतं. म्हणून एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. मिक्सरचं भांडं हे नुसतं भांडं नाही. आतल्या बाजूला ते भांडं आहे, खालच्या बाजूला यंत्र आहे. आत हवं तेवढं पाणी ओता, खाली शक्यतो लागू देऊ नका.

पहिलं काम साबणाचं नाही, भांडं रिकामं करण्याचं. वाटण काढून घेतलं तरी पात्यांवर आणि त्यांच्या खाली चमचाभर तरी राहतं. ते बोटाने काढायला जाऊ नका. झाकण लावून रिकामं भांडं परत मोटरवर बसवा आणि पल्सचे दोन छोटे झटके द्या, एकेका सेकंदाचे. पात्यांना चिकटलेलं सगळं बाजूच्या भिंतींवर फेकलं जातं. मग प्लग काढून भांडं उतरवा आणि भिंतीवरचं अरुंद सिलिकॉनच्या उलथण्याने निपटून घ्या. अन्नही वाया जात नाही आणि पुढचं घासणं निम्म्यावर येतं. ही दहा सेकंदं वाचवायला जाल तर ती पुढे दामदुप्पट द्यावी लागतात.

आता पाणी. इथे घाईत हमखास चूक होते ती म्हणजे सरसकट कढत पाणी ओतण्याची. पिठाळ पदार्थ, भिजवलेली कडधान्यं, अंडं, दूध यांच्यावर कढत पाणी पडलं की ते सुटण्याऐवजी घट्ट बसतात. पिठातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून खळीसारखा होतो, अंड्याचा पांढरा बलकही त्याच सुमारास गोठू लागतो. म्हणजे तुम्ही साफ करायला गेलात आणि पात्याखाली खळ शिजवून ठेवलीत. अशा वाटणानंतर आधी साधं गार पाणी घालून विसळा, ते फेकून द्या, आणि मग कोमट पाणी घ्या. उलट तेलबिया, बदाम-शेंगदाण्याचं कूट, खवलेलं खोबरं किंवा लोणी असलेलं काही फिरवलं असेल तर गार पाण्याने ओशटपणा आणखी घट्ट होतो. तिथे सुरुवातच कोमट पाण्याने करा. कोमट म्हणजे हाताला सहज सोसेल इतकं, ४० ते ४५ अंश.

कढत पाणी टाळायचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. झाकण बंद करून कढत पाणी फिरवलं की आत एकदम वाफ होते, वरची हवाही तापून फुगते आणि झाकण उडतं. सोबत साबणाचं गरम पाणी तोंडावर येतं. कोमट पाणी असलं तरी फिरवताना झाकणावर तळहात ठेवण्याची सवय असावी.

फिरवण्याचं प्रमाण नेमकं पाळा. पाणी भांड्याच्या एक तृतीयांश, त्याहून जास्त नको. पाती बुडून वर दोन बोटं पाणी उभं राहिलं पाहिजे. त्यापेक्षा कमी असेल तर पात्यांच्या हाती फक्त हवा लागते आणि आत नुसता फेस होतो. जास्त असेल तर भोवरा भिंतीवर चढून झाकणाच्या रबरातून बाहेर येतो आणि थेट मोटरच्या खड्ड्यात उतरतो. साबण २ ते ३ थेंब. चमचाभर लिक्विड ओतलं तर जास्त स्वच्छ होईल ही समजूत सोडून द्या. फेसाने पाण्याचा रट्टा मऊ होतो, घासणारं पाणी भिंतीपर्यंत जोरात पोचतच नाही, आणि तो फेस काढायला नंतर तीनदा विसळावं लागतं. आधी सर्वांत कमी वेगावर पाच सेकंद, मग पल्सचे पाच-सहा झटके. सलग फिरवण्यापेक्षा झटके बरे, कारण प्रत्येक वेळी थांबून सुरू होताना पाण्याची दिशा मोडते आणि ते कोपऱ्यांत आदळतं. नंतर पाणी फेकून स्वच्छ पाण्याने एकदा तसंच फिरवा. झालं एवढं की भांड्याचा मोठा भाग साफ.

राहिला तो छोटा भाग, आणि सगळा त्रास तिथेच आहे. किटण साठण्याच्या जागा तीन: पात्याची खालची बाजू, झाकणाच्या रबराची खाच, आणि हँडल जिथे भांड्याला जोडलेलं असतं ती फट. पाती पाण्याला बाहेर ढकलतात, त्यामुळे त्यांच्या अगदी खाली, दांड्याभोवती, पाणी फारसं हलतच नाही. कितीही वेळ फिरवा, तिथलं खरकटं तिथेच राहतं. बाकी भांडं चकचकीत असलं तरी दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो तो इथून.

यासाठी बाटली घासायचा अरुंद ब्रश किंवा लांब दांड्याचा जुना टूथब्रश पुरतो. भांडं आडवं धरा, ब्रश तिरपा घालून त्याचे केस पात्याखाली टेकवा आणि ब्रश तसाच स्थिर धरून दुसऱ्या हाताने भांड्याखालचा कपलर (मोटरवर बसणारा खाचांचा तुकडा) फिरवा. पाती फिरतात, ब्रश जागेवर राहतो, आणि दांड्याभोवतीचं सगळं चार-पाच फेऱ्यांत निघतं. बोट पात्याजवळ न्यावंच लागत नाही. पालेभाजी, आलं किंवा देठ असलेलं काही वाटलं असेल तर धागे दांड्याला गुंडाळले जातात. ते ब्रशने निघत नाहीत, चिमट्याने ओढून काढा. धागे तसेच राहिले तर पुढच्या वेळी त्यांच्यावर नवं वाटण अडकतं आणि पात्याखालच्या वॉशरच्या (चकतीच्या) कडेखाली शिरतं.

तारेची घासणी वापरू नका. तिचे लोखंडी कण स्टीलवर राहतात आणि तेच गंजतात, मग भांडं गंजलं असं वाटतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यावर तर हिरवी खरखरीत घासणीही नको. त्यावर ओरखडा कायमचा असतो आणि पुढे प्रत्येक वाटणाचा रंग त्या ओरखड्यात जाऊन बसतो.

वाळवणंही विसळण्याइतकंच महत्त्वाचं, आणि तिथली एक गंमत फारशी लक्षात येत नाही. भांडं धुतल्यावर आपण ते पालथं घालतो, बरोबर ना? पालथं घातलं की कपलर वर येतो. तळाला लागलेलं पाणी मग कपलरच्या मध्यभागी, नेमकं दांड्याकडे ओघळतं. म्हणून पालथं घालण्याआधी तळ कोरड्या फडक्याने पुसा, कपलरच्या खाचांसकट. त्याआधी आणखी एक करता येईल: तळ पुसून, झाकण लावून, रिकामं भांडं मोटरवर ठेवून एक-दोन सेकंद झटका द्या. पात्यांवरचं आणि दांड्यावरचं पाणी उडून जातं. मग आत एकदा फडकं फिरवून भांडं कडेला टेकवून तिरपं ठेवा, म्हणजे खालून हवा जाईल. सपाट ओट्यावर पालथं घातलेलं भांडं आतून तासन्‌तास दमट राहतं. झाकण लावून तर कधीच ठेवू नका. कोरडं वाटलं तरी रबरात ओल असते, आणि बंद भांड्यात ती ओल कुबट वासाला पुरेशी होते.

झाकणाकडे येऊ. भांडं स्टीलचं असेल आणि वास जात नसेल तर दोष स्टीलचा नसतो. लसूण-कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं रबरात आणि प्लॅस्टिकमध्ये मुरतात, स्टीलमध्ये नाही. रबर काढून त्याचा वेगळा वास घ्या, मग रिकाम्या भांड्याचा घ्या. रबराला वास असेल तर भांडं घासत बसण्यात अर्थ नाही. भांड्याला असेल तर पात्याखाली काहीतरी राहिलंय.

रबर काढायला सुरी नको, चमच्याच्या दांड्याचं बोथट टोक घ्या. रबराला सुरीचा बारीकसा छेद गेला तरी तिथून गळती सुरू होते. खाच टूथब्रशने घासा, रबर साबणाने दोन्ही बाजूंनी चोळा, दोन्ही पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. रोज ओलं वाटत असाल तर हे आठवड्यातून दोनदा पुरे. मात्र कच्चं अंडं, कच्चं मांस किंवा दूध फिरवलं असेल तर त्याच वेळी. ही अतिकाळजी नव्हे. अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०१३ साली घरगुती स्वयंपाकघरांतल्या वस्तूंची तपासणी केली, तेव्हा सर्वांत जास्त जंतू सापडलेल्या वस्तूंमध्ये ब्लेंडरचं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी रबरी रिंग, होतं. त्यावर साल्मोनेला, ई. कोलाय आणि बुरशी आढळली. लोक भांडं मन लावून धुतात, गॅस्केट मात्र काढतच नाहीत, याचा तो परिणाम.

वास काढायला २०० मिली कोमट पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवून रबर अर्धा तास भिजवा, धुऊन उन्हात वाळवा. काळे ठिपके पडले असतील तर ती बुरशी आहे. एक लिटर पाण्यात ५ मिली साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच मिसळून त्यात रबर दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. यात दोन पथ्यं. हे द्रावण स्टीलच्या भांड्यात ओतू नका, त्याने स्टीलवर बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीचच्या आसपास व्हिनेगर किंवा लिंबू आणू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. एवढं करूनही ठिपके दिसत असतील तर बुरशी रबराच्या आत शिरली आहे. रबर बदला, घासण्यात वेळ घालवू नका.

डागांचं थोडक्यात. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून प्लॅस्टिकच्या झाकणावर आधी तेलाचं बोट फिरवा, पाच मिनिटांनी साबणाने धुवा आणि उरलेल्यासाठी दोन-तीन तास कडक ऊन द्या. उन्हाने तो रंग खरोखर फिका पडतो. टोमॅटोचा लालपणाही तेलानेच सुटतो. पारदर्शक भांडं धुरकट दिसत असेल तर एका कोपऱ्यात व्हिनेगरचा बोळा चोळून पाहा. तेवढा भाग स्वच्छ झाला तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर आहे. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घालून पंधरा मिनिटं ठेवा आणि धुवा. फरक पडला नाही तर ते ओरखडे आहेत आणि त्यावर इलाज नाही.

वाटण वाळून कडक झालंच असेल तर? आत पाती बुडतील इतकंच पाणी आणि दोन थेंब साबण घालून भांडं कोरड्या ताटलीवर उभं ठेवा, १० ते १५ मिनिटं. सिंकमध्ये भरलेल्या पाण्यात नको, आणि रात्रभर तर मुळीच नको. साबणाच्या फेसाळ पाण्यात बुडलेलं पातं दिसत नाही. हात कापतो तो बहुधा तिथेच.

जाड मीठ किंवा कोरडे तांदूळ फिरवून भांडं साफ होतं का, असाही प्रश्न हमखास येतो. मूठभर कोरडे तांदूळ फिरवल्याने ओशट चिकटा आणि वास बराच उचलला जातो, हे खरं. कोरड्या मसाल्याच्या किंवा कॉफीच्या छोट्या ग्राइंडरला, ज्याचं भांडं सुटंच होत नाही, त्याला तर हाच मुख्य उपाय आहे. मग कोरड्या ब्रशने झटकून पुसून घ्या. पण मिठाने पात्याला धार येते ही निव्वळ दंतकथा. मीठ स्टीलपेक्षा कितीतरी मऊ आहे, ते स्टीलला काय धार लावणार! उलट मीठ आणि ओल एकत्र राहिली तर दांड्याजवळ गंज धरतो.

मोटरच्या भागाला पाणी ओतून धुणं नाही, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, तरी ओला फडका वरून पिळला जातोच. प्लग काढा, फडकं घट्ट पिळा, साबणाचा थेंब फडक्यावर घ्या, यंत्रावर नाही. भांडं बसतं त्या खड्ड्यात सांडलेलं गोड किंवा पिठाळ काही असेल तर लगेच टिपून घ्या, कारण ते वाळलं की खालचा कपलर जड फिरतो आणि भांडं नीट बसत नाही. काडीला फडक्याचं टोक गुंडाळून खाचा पुसा. खालच्या बाजूच्या हवेच्या जाळीवर पिठाची धूळ बसते, ती कोरड्या ब्रशने महिन्यातून एकदा झटका; जाळी बुजली की मोटर तापते. पाणी आत गेल्याची शंका असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा आणि उघडून तपासल्याशिवाय चालू करू नका. साधं पाणी कदाचित वाळेल, साखर-मीठ असलेला द्रव आत राहून तारांचे सांधे खातो.

हँड ब्लेंडरला हा सगळा खटाटोप नाही. उंच भांड्यात कोमट पाणी आणि एक थेंब साबण घेऊन दहा सेकंद फिरवा, मग साध्या पाण्यात दहा सेकंद. दांडा आणि मोटर जिथे जुळतात त्या सांध्याच्या वर पाणी चढू देऊ नका. फूड प्रोसेसरची चकती मात्र फिरवून साफ होत नाही, ती धारेखाली मागच्या बाजूने ब्रशनेच.

डिशवॉशरबद्दल: झाकण, रबर, सुटी पाती उत्पादकाने चालेल असं म्हटलं असेल तर खुशाल घाला. तळाला कपलर आणि बुश (दांड्याचं बेअरिंग) असलेलं भांडं घालू नका. तिथली पावडर कडक अल्कलीयुक्त असते आणि पाणी बरंच गरम. त्यात अॅल्युमिनियमचे भाग काळे पडतात आणि रबरी सील कडक होतं. याच कारणासाठी खायच्या सोड्याची पेस्टही तळाच्या अॅल्युमिनियमला लावू नका.

आता ते काळपट पाणी. पात्यांचा दांडा तळातल्या एका बुशमध्ये फिरतो. बऱ्याच भांड्यांत हा बुश तेल मुरवलेल्या धातूचा असतो, आणि त्याच्यावर पाणी अडवायला सील असतं. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत सहज शिरतं. रोज अर्धा-अर्धा तास बुडवलेल्या भांड्यात ते बुशमधलं तेल हळूहळू धुऊन काढतं, दांडा कोरडा घासतो, झिजतो, सील सैल होतं. मग झिजलेल्या धातूची पूड, जुनं तेल आणि आत शिरलेलं वाटण मिळून तो काळा द्रव होतो. तो खाली गळतो तसाच वर अन्नातही येतो, त्यामुळे अशा भांड्यात वाटणं तूर्त थांबवा.

खात्री करायची तर भांड्यात चार बोटं पाणी घालून कोरड्या पांढऱ्या कागदावर वीस मिनिटं ठेवा. मधोमध डाग उमटला तर सील गेलं. मग भांडं रिकामं करून कपलर धरून बाजूला हलवून पाहा. दांडा डुगडुगत असेल तर बुशही झिजला. न डुगडुगता नुसता जड फिरत असेल तर वाळलेलं वाटण किंवा गंज आहे. वरून खायचं तेल सोडून तो मोकळा करायचा मोह होईल. करू नका, ते तेल चिकट होऊन खवट होतं आणि पुढच्या वाटणात उतरतं. बुश आणि सील दोन्ही एकाच वेळी बदलून घ्या. झिजलेल्या बुशवर नवं सील बसवलं तर डुगडुगणारा दांडा तेही लवकरच कातरतो. पाती बुडाशी आटे असलेल्या रिंगने सुटी होणारी असतील तर काम घरीच होतं, फक्त गॅस्केट सपाट बसलंय ना, कुठे दुमडलं नाही ना, हे रिंग आवळण्याआधी पाहा. बदलल्यानंतर साध्या पाण्याने दोनदा फिरवून ते पाणी फेका. नव्या बुशचं जादा तेल त्यात निघून येतं. तिसऱ्या पाण्यालाही करडी झाक दिसली तर बसवण्यात चूक झाली आहे, भांडं परत उघडायला द्या.